लेस्टरशायरच्या शेतातलं 'भंगार' आणि गावाचा इतिहास (मेटल डिटेक्टिंगबद्दल थोडं)

वाटसरू_लेस्टर

मागे एका धाग्यावर मी शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरतो असं ओझरतं लिहिलं होतं, तर लगेच व्यनि (खासगी निरोप) आले की सोनं किती मिळालं. म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकू. सोन्याचं उत्तर आधी देतो म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे: शून्य.

मी लेस्टरला राहतो. इथून आग्नेयेला मार्केट हारबरोच्या बाजूला बारकी बारकी खेडी आहेत, तिकडे आमचा छोटासा क्लब आहे. बहुतेक मंडळी रिटायर्ड, एक प्लंबर, एक शाळेतल्या बाई आणि मी एकटा देशी. शेतकऱ्याची लेखी परवानगी घ्यायची, पीक निघालं की पुढची पेरणी होईपर्यंत शेत आपलं. कॉइल (डिटेक्टरच्या टोकाची गोल चकती) जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत हळूहळू चालायचं, बास. लोखंडाला खालच्या पट्टीतला खरखरीत आवाज येतो, चांदी-तांब्याला खणखणीत, आणि कोल्ड्रिंकच्या कॅनची जी ओढायची रिंग असते ना ती नेमकी तिथे वाजते जिथे सोन्याची अंगठी वाजते, त्यामुळे ती दरवेळी उकरावी लागते. अख्खं इंग्लंड कोल्ड्रिंक पिऊन शेतात रिंगा टाकत होतं असं वाटायला लागतं.

तर मुद्दा असा की गेल्या महिन्यात क्लबने एका गावाच्या व्हिलेज हॉलमध्ये टेबलं मांडून सापडलेल्या वस्तू गावाला दाखवल्या. अट एकच होती, वस्तू त्याच गावाच्या हद्दीतल्या हव्यात, बाहेरचं कितीही भारी असलं तरी नाही. माझं मत सुरुवातीला वेगळं होतं, म्हटलं एखादी झगमगीत वस्तू नसेल तर कोण येणार? पण सेक्रेटरीबाई बधल्या नाहीत आणि त्यांचंच बरोबर निघालं. लोक आपापल्या शेताचं नाव शोधत टेबलांवरून फिरत होते. इथे प्रत्येक तुकड्याला नाव असतं, आपल्याकडे कसं 'वड्याची पट्टी', 'माळावरचं', तसंच. "आमच्या घरामागे हे?" हे वाक्य त्या दिवशी सगळ्यात जास्त ऐकलं.

दोन वस्तूंबद्दल लिहितो.

पहिली म्हणजे अर्धी पेनी. अर्धी म्हणजे खरोखर अर्धी, चांदीचं पातळ नाणं मधोमध कापलेलं, आपल्या करंगळीच्या नखाएवढा तुकडा. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याच्या काळातलं आहे, १२४७ नंतरचं. ते कसं कळतं तर मागच्या बाजूला जो क्रॉस असतो त्याचे हात १२४७ पासून पार काठापर्यंत नेले, म्हणजे कोणी काठ कातरून चांदी चोरली तर लगेच कळावं. आणि त्याच क्रॉसच्या रेषेवर कापलं की नाण्याचे दोन सारखे भाग होतात, चार केले तर पावपेनी. गोल अर्धी पेनी आणि पावपेनी नियमित निघायला लागली ती १२७९-८० नंतर, पहिल्या एडवर्डने. तोवर सुट्ट्यांचा प्रश्न कात्रीने सोडवत होते. हे पोरांना सांगितलं तर एक सात-आठ वर्षांची मुलगी म्हणते, मग उरलेली अर्धी कुणाकडे आहे? क्लबातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची बोलती बंद.

दुसरी वस्तू शिशाची, अंगठ्याएवढी, चेपलेली, करडी. ज्यांना सापडली त्यांना वाटलं जुन्या मलमाची ट्यूब असेल, तशाही ढिगाने मिळतात. आमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे लोकांना सापडलेल्या वस्तू नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवली तर ती वस्तू अँप्युला निघाली, म्हणजे मध्ययुगातले यात्रेकरू तीर्थक्षेत्री जाऊन पवित्र पाणी भरून आणायचे ती कुपी. एका बाजूला शिंपल्याची नक्षी दिसते, वरचं तोंड फाडलेलं. आता अशा कुप्या चर्चमध्ये किंवा घराच्या जागी मिळाव्यात ना? पण इंग्लंडभर त्या उघड्या शेतात सापडतात आणि बऱ्याचदा तोंड उघडलेली असतात. त्यावरून काही अभ्यासकांचं म्हणणं असं की लोक हे पाणी पिकावर, जमिनीवर शिंपडायचे आणि कुपी तिथेच टाकायचे. हा अंदाज एका कुपीवरून करताच आला नसता. शेकडो लोकांनी आपापली कुपी कुठे सापडली ते नोंदवलं म्हणून नकाशावर ते चित्र दिसलं.

प्रश्न असतील तर विचारा, सवडीने उत्तरं देतो.

गोंद्या

पितांबरीने घासलं का? नाणं लख्ख झालं असतं राव. चिंच तरी लावायची.

वाटसरू_लेस्टर

गोंद्या, हे तू आमच्या क्लबात बोलला असतास तर तुला बाहेर काढला असता :) वरचा थर घासला की अक्षरं पण जातात, आणि ब्राँझ असेल तर आतून हिरवी पावडर सुटायला लागते ती वेगळीच. माती सुटण्यापुरतं मऊ ब्रशने करायचं, चांदी फारतर साध्या पाण्याने. बाकी हात लावायचा नाही.

सरिता_म

ती कुपी वाचून अंगावर काटा आला. आमच्या आजीने काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू होता, तो फोडला तेव्हा मावंदं घातलं आणि उरलेलं थोडं पाणी आजोबांनी विहिरीत आणि उसात नेऊन शिंपडलं होतं. सात समुद्रापलीकडचा शेतकरीही तेच करत होता म्हणजे.

भुईकोट

लेख छान आहे पण जरा कडू बोलतो. पुरातत्त्वात वस्तूपेक्षा ती कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होती याला किंमत असते. तुम्ही मंडळी ती वस्तू उपटून काढता आणि मग टेबलावर मांडता, ही सुसंस्कृत लूट नाही का? तिथल्याच अनेक पुरातत्त्ववाल्यांचा या छंदाला विरोध आहे, आणि शेजारच्या आयर्लंडमध्ये तर जुन्या वस्तू शोधायला डिटेक्टर परवान्याशिवाय वापरताच येत नाही.

वाटसरू_लेस्टर

भुईकोट, प्रश्न रास्त आहे आणि विरोध आहे हेही खरं. माझी बाजू सांगतो, पटली तर पटली.

आम्ही नांगरटीच्या मातीत शोधतो, वरचे वीस-तीस सेंटिमीटर. तो थर शेकडो वर्षं दरवर्षी उलटापालटा होतोय, म्हणजे 'शेजारी काय होतं' हे नांगराने आधीच पुसलंय, पण 'कुठल्या शेतात, शेताच्या कुठल्या कोपऱ्यात' हे अजून शिल्लक असतं. त्याची नोंद केली तर इतिहास, नाहीतर भंगार. नांगराच्या खाली काही जातंय किंवा एकाच खड्ड्यात भरपूर निघतंय असं दिसलं की थांबायचं आणि फोन करायचा हा नियम आहे. फ्रोमला २०१० मध्ये एका हॉस्पिटलात स्वयंपाकी असलेल्या माणसाला रोमन नाण्यांचा रांजण लागला, त्याने वरची काही नाणी पाहून हात आवरला आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं, त्यांनी थराथराने रांजण उकलला. ५२,५०३ नाणी. त्या थरांवरूनच कळलं की नंतरच्या काळातली बरीचशी नाणी वर नसून खालच्या थरात आहेत, म्हणजे रांजण वर्षानुवर्षं हळूहळू भरलेला नाही, एकाच वेळी भरलाय. त्याने भराभर उपसलं असतं तर आज नुसता ढीग असता.

आणि आमच्याच काउंटीतलं उदाहरण, बॉसवर्थ. १४८५ ची लढाई, राजा तिसरा रिचर्ड जिथे मारला गेला. लोक पिढ्यान्‌पिढ्या एका टेकडीकडे बोट दाखवत होते, माहिती केंद्रही तिथेच बांधलं. २००५ पासून काही वर्षं पुरातत्त्ववाले आणि डिटेक्टरवाले यांनी मिळून आजूबाजूची शेतं पट्ट्यापट्ट्याने पिंजली, प्रत्येक वस्तूची जागा नोंदवत. शिशाचे तोफगोळे सापडायला लागले ते त्या टेकडीपासून तीनेक किलोमीटरवर, तीसच्या वर निघाले. आणि तिथल्या एका दलदलीच्या काठाला चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला रानडुकराचा बिल्ला, इंचभरसुद्धा असेल-नसेल. रानडुक्कर म्हणजे रिचर्डचं चिन्ह, असा चांदीचा बिल्ला त्याच्या अगदी जवळच्या माणसाकडेच असणार. खोदकामाने हे सापडलं असतं का? एवढ्या पसरलेल्या रणांगणात खड्डा घ्यायचा तरी कुठे?

नाणेदार

+१. जागा आणि नाणी दोन्ही एकत्र राहिली की काय होतं याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं जोगळटेंभी. १९०६ मध्ये तिथे १३,२५० च्या वर चांदीची नाणी मिळाली, क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने वरून आपला ठसा मारलेला. नहपानाचा चेहरा आणि त्याच्या गालावर सातवाहनांची खूण. लेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा (नहपानाच्या घराण्याचा) नायनाट केला असं कोरलेलं आहेच, पण ही नाणी म्हणजे जिंकल्याची पावती. हाच साठा सराफाकडे चार-चार नाणी करत गेला असता तर?

चिंचगूळ

सराफाकडे जातच होतं हो. आमच्या गावाकडे नांगरताना तांब्याचे जाड वेडेवाकडे पैसे निघायचे, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं. शिवराई. माझ्या लहानपणी एका नातेवाइकांनी डबाभर शिवराया मोडीत घालून पितळी पातेलं घेतलं, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही, उलट पातेलं स्वस्तात पडलं म्हणून कौतुक. ते पातेलं अजून आहे घरात.

किनारा_७

मस्त धागा. मी पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय, ऑनलाइन डिटेक्टर सात-आठ हजारात मिळतोय. एखाद्या कमी गर्दीच्या गडावर जाऊन असंच काही करता येईल का? सापडलेलं अर्थात म्युझियमला देऊ.

गडवाट

अजिबात नको! हात जोडून सांगतो. गड केंद्राच्या नाहीतर राज्याच्या संरक्षित यादीत असेल तर तिथे परवानगीशिवाय खणणं हा सरळ गुन्हा आहे, 'म्युझियमला देणार होतो' हे चालणार नाही. आम्ही दर पावसाळ्यानंतर गडावर साफसफाईला जातो, देवळाच्या गाभाऱ्यात, टाक्याच्या काठाला, समाधीखाली ताजे खड्डे दिसतात. गुप्तधनवाले. आधी लिंबू-नारळ घेऊन यायचे, पायाळू माणूस शोधायचे कारण त्याला म्हणे जमिनीतलं दिसतं, आता पायाळूची जागा डिटेक्टरने घेतलीय एवढाच फरक. २०२५ च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याला एका सिनेमानंतर अफवा उठली आणि लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणायला लागले, व्हिडिओ पाहिले असतीलच. शेवटी पोलिसांना यावं लागलं.

किनारा_७

अरे बापरे. बरं झालं विचारलं. रद्द.

वाटसरू_लेस्टर

गडवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि इथेही हेच आहे हे स्पष्ट करतो. १९७९ च्या कायद्याने इथल्या संरक्षित स्थळांवर परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणंसुद्धा गुन्हा आहे, खणणं दूरच. रात्री चोरून जाणाऱ्यांना नाइटहॉक म्हणतात आणि क्लबातली मंडळी त्यांच्या नावाने बोटं मोडतात. ३०० वर्षांपेक्षा जुनं सोनं-चांदी (सुटं एकटं नाणं सोडून), किंवा नाण्यांचा साठा सापडला तर १४ दिवसांत कॉरोनरला (अशा वस्तूंची चौकशी करणारा सरकारी अधिकारी) कळवायचं, १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट. म्युझियमला ते हवं असेल तर समिती किंमत ठरवते आणि ती रक्कम साधारणपणे सापडवणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी. २०२३ पासून धातूची अट थोडी सैल केलीय, २०० वर्षांवरची फारच महत्त्वाची वस्तू असेल तर तीही त्यात येते. बाकी बटणं-बकल्स-गोळ्या यांची नोंद ऐच्छिक, पण आजवर नोंदवलेल्या वस्तू आता १५ लाखांच्या वर गेल्यात आणि घरबसल्या कोणालाही बघता येतात.

न कळवणाऱ्यांचं काय होतं तेही ऐका. हेरेफर्डशायरमध्ये २०१५ साली दोघांना व्हायकिंग काळातला साठा सापडला, अंदाजे ३०० नाणी असावीत. गुपचूप विकायला काढली. २०१९ मध्ये दोघंही तुरुंगात गेले, पण तोवर नाणी परत मिळाली ती फक्त तीसेक. त्यातली काही म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडमधले दोन राजे, वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ, यांच्या नावांनी काढलेली एकाच नमुन्याची नाणी, दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले. केओलवुल्फला पुढे आल्फ्रेडच्या बाजूच्या लेखकांनी व्हायकिंगांचा बाहुला म्हणून उडवून लावलंय आणि नाणी सांगतायत की दोघं भागीदार होते. उरलेल्या नाण्यांनी अजून काय सांगितलं असतं ते गेलंच. तुरुंगवास संपतो हो, ते भरून येत नाही.

भुईकोट

ठीक. फ्रोमचं माहीत नव्हतं. पण एक शंका, जागा नोंदवून सगळ्यांना दाखवली तर नाइटहॉकांना आयतं आमंत्रणच की?

वाटसरू_लेस्टर

म्हणून दोन पातळ्या आहेत. ऑफिसरला आम्ही दहा मीटरपर्यंत अचूक जागा देतो, पण वेबसाइटवर सगळ्यांना दिसतं ते एक किलोमीटरच्या चौकोनापर्यंतच, आणि नाजूक ठिकाणांचं तेवढंही दाखवत नाहीत. व्हिलेज हॉलमधल्या नकाशावर आम्ही टाचण्या लावल्याच नाहीत, शेतांचे गट करून रंग दिले. एका शेतकऱ्याने तर सांगितलं माझ्या शेताचं नाव पण नको, त्याच्या वस्तूंवर फक्त गावाचं नाव.

स्नेहल_बर्मिंगहॅम

आमच्याकडचा स्टॅफर्डशायर साठा राहिला की! २००९, एका माणसाला शेतात सापडलेला, अँग्लो-सॅक्सन सोनं, किंमत ३२.८५ लाख पौंड. बर्मिंगहॅम आणि स्टोक दोन्ही म्युझियमनी मिळून घेतला.

पण मला आवडते ती हॉक्सनची गोष्ट. १९९२, शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली, डिटेक्टरवाला मित्र शोधायला गेला आणि निघाली पंधरा हजारांच्या घरात रोमन नाणी. त्याने पण लगेच खणणं थांबवून कळवलं. हातोडीही सापडली, ती पण ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आणि त्या साठ्यात चांदीच्या चार मिरपूडदाण्या आहेत, एक तर बाईच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची, तळाला फिरवायची चकती, बंद-उघड-भरा. मिरी कुठली, तर आपल्या मलबारची. म्युझियमला पाहुणे नेले की मी सगळ्यांना आधी त्या काचेपुढे उभं करते.

पाटीपेन्सिल

मी सातारा जिल्ह्यात जि. प. शाळेत शिक्षिका आहे. धागा वाचताना सारखं मनात येतंय की आमच्या मुलांना असं हातात घेऊन बघायला काय देता येईल? चौथीला शिवाजी महाराज शिकवतो, पण 'आपलं गाव तेव्हा होतं का' या प्रश्नाला माझ्याकडे दाखवायला काही नसतं. तुम्ही मुलांच्या हातात खऱ्या वस्तू देता का? आणि कोणाकडे ठेवता?

वाटसरू_लेस्टर

ताई, वस्तू क्लबच्या नाहीत, सापडवणारा आणि जमीनमालक यांच्या आहेत, दाखवायला उसन्या आणतो. नाजूक असेल ते काचेखाली. पण बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, बकल्स, जनावरांच्या गळ्यातल्या घंट्या मुलांच्या हातात देतो (शिसं हाताळलं की नंतर हात धुवायला लावतो). गोळी हातात घेतली की साच्याची शिवण बोटाला लागते, मग ती ओतून केली हे सांगावंच लागत नाही. आणि एक युक्ती चालते, आधी काहीच सांगायचं नाही, 'हे काय असेल' एवढंच विचारायचं. पोरं काय काय बोलतात.

इथून जवळच हॅलटन नावाचं गाव आहे. २००० साली तिथला एक हौशी गट, म्हणजे रविवारी शेतातून खापरं वेचत फिरणारी गावची माणसं, त्यांतल्या एका रिटायर्ड शिक्षकांना डिटेक्टरवर नाणी लागली. पुढे विद्यापीठाने उत्खनन केलं, पाच हजारांवर नाणी, रोमन लोक यायच्या आसपासच्या काळातली, बहुतेक इथल्याच कोरिएल्टावी जमातीची, डुकरांच्या हाडांचे ढीग, आणि मातीच्या गोळ्यासकट उचललेलं चांदीचा पत्रा चढवलेलं रोमन शिरस्त्राण. ते साफ करायला जवळजवळ दहा वर्षं लागली. २०१२ पासून ते लंडनला नाही, मार्केट हारबरोच्या छोट्या म्युझियममध्ये आहे. कारण गावाने ते आपलं म्हणून धरून ठेवलं. शाळेच्या सहली तिथेच जातात.

गडवाट

पाटीपेन्सिल ताई, तुमच्याकडे खणायची गरजच नाही. गावाच्या वेशीवर किंवा मारुतीच्या देवळापाशी वीरगळ असेलच, तेल-शेंदूर लावलेला. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला नेतायत, वर शिवलिंगाची पूजा, चंद्र-सूर्य. मुलांना वहीत काढायला लावा. जात्याचा दगड, वाड्याच्या जोत्याचे घडीव चिरे, जुन्या बारवेचं पाणी कुठून येतं, हे सगळं गावात उघड्यावर पडलंय. फक्त दगड हलवायचे नाहीत, रंगवायचे नाहीत.

नाणेदार

आणि घरोघरी देवघरात जुनी नाणी असतात. मुलांना सांगा, नाणं शाळेत आणू नका, दोन्ही बाजूंचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, आणि आजी-आजोबांना विचारा कुठल्या शेतात मिळालं. मात्र नवीन काही जमिनीतून निघालं तर तलाठी-तहसीलदारांमार्फत कलेक्टरना कळवायचं, आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे, दहा रुपयांच्या वर किमतीचं काहीही त्यात येतं. लोक भीतीने लपवतात आणि मग मोडीत जातं. श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद आठवा, १९७४ मध्ये झाडाचं खोड काढताना एका भिल्ल शेतकऱ्याला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस मिळाली, सगळं मिळून साठ किलोच्या वर. मोडीच्या भावातही तेव्हा चांगले पैसे आले असते.

चिंचगूळ

आमच्या पातेल्याचा फोटो चालेल का पट्टी ठेवून :(

पाटीपेन्सिल

चिंचगूळ :) पाठवाच, मुलांना 'आधी' आणि 'नंतर' दाखवीन.

वीरगळ आहे आमच्याकडे, दोन आहेत, एकावर मुलं दप्तरं ठेवतात. तीन फुटांच्या वर आहे, मजकूर काही दिसत नाही, खालची चौकट अर्धी मातीत गेलीय. गडवाट, ती माती बाजूला केली तर चालेल का की कोणाला विचारावं लागेल?

गडवाट

स्वतः काढू नका, ग्रामपंचायतीला सांगून आधी आहे तसे फोटो घ्या, चारही बाजूंनी, सकाळच्या तिरक्या उन्हात, तेव्हा कोरीवकाम उठून दिसतं. मग राज्य पुरातत्त्व विभागाच्या तुमच्या विभागीय कार्यालयाला ते फोटो आणि जागा कळवा आणि मातीचं त्यांनाच विचारा. फोटो इथे पण टाका, चौकटी वाचायला मदत करू. दप्तरं मात्र उद्यापासून दुसरीकडे.